औषध आपले, उत्प्रेरक कोणाचा?

आज कोणत्याही मध्यमवर्गीय घरात औषधांचा एक डबा हमखास असतो. त्यात आजोबांची रक्तदाबाची गोळी असते, एखाद्या घरी कंपवाताचे औषध असते, शेजारी वेष्टनात बंद अशी सुई नसलेली सिरिंज असते. डबा स्वतः बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. गोळीच्या पट्टीवर भारतीय कंपनीचे नाव वाचून आपल्याला समाधान वाटते आणि ते रास्तही आहे. स्वस्त आणि चांगली औषधे जगाला पुरवणारा देश म्हणून भारताने मिळवलेला लौकिक कष्टाचा आहे. परंतु त्या पट्टीवर एक गोष्ट कधीच छापलेली नसते. ही गोळी आणि हा डबा ज्या रासायनिक अभिक्रियेतून निर्माण झाला, ती अभिक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक कोणी शोधला, हे तेथे लिहिलेले नसते. तो शोधणाऱ्यांच्या यादीत भारतीय नावे विरळ आहेत. स्वदेशीचा विचार गांभीर्याने करणाऱ्या प्रत्येकाने या उणिवेकडे पाहिले पाहिजे.

सोयरीक जुळवणारा धातू

रसायनशास्त्राची एक शाखा आहे, जिला इंग्रजीत ऑर्गॅनोमेटॅलिक केमिस्ट्री म्हणतात. मराठीत तिला कार्बनी-धातू रसायन म्हणता येईल. ज्या संयुगात धातूचा अणू कार्बनच्या अणूशी थेट बंधाने जोडलेला असतो, अशा संयुगांचा अभ्यास या शाखेत होतो. सजीव सृष्टी, औषधे, प्लास्टिक हे सारे कार्बनचे विश्व. पॅलेडियम, टायटॅनियम, र्‍होडियम, निकेल हे धातूंचे विश्व. या दोन विश्वांच्या सीमेवर जे घडते, त्यावर आजच्या औषधनिर्मितीचा आणि बहुवारिक उद्योगाचा फार मोठा भाग उभा आहे.

कार्बनचे दोन तुकडे आपण होऊन एकमेकांना सहजासहजी जोडले जात नाहीत. धातूचा अणू येथे दोन घरांची सोयरीक जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखे काम करतो. तो एका तुकड्याला धरतो, दुसऱ्याला जवळ आणतो, दोघांत बंध निर्माण करून देतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे वळतो. म्हणूनच त्याचे चिमूटभर प्रमाण पुरते. टायटॅनियमवर आधारित आधुनिक उत्प्रेरकाच्या एका ग्रॅमपासून कित्येक किलो पॉलिप्रॉपिलीन तयार होते.

हे संयुग हाताळणे मात्र सोपे नसते. यांतील अनेक संयुगे हवेतील प्राणवायूने वा बाष्पाने क्षणात नष्ट होतात. काही तर हवेचा स्पर्श होताच पेट घेतात. नायट्रोजन किंवा अरगॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून संशोधकाला काम करावे लागते. अखंड वीज, शुद्ध वायू आणि निवांत मन या तिन्ही गोष्टी ज्या संस्थेत नाहीत, तेथे हे शास्त्र रुजत नाही.

कोळशाच्या संस्थेतून आलेले प्लास्टिक

या शास्त्राचा इतिहास उद्बोधक आहे, कारण तो जवळजवळ सगळाच निरपेक्ष जिज्ञासेचा इतिहास आहे. १८४९ साली एडवर्ड फ्रँकलंड यांनी जस्त आणि कार्बन यांच्या थेट बंधाचे संयुग तयार केले. त्यांना एक सैद्धांतिक कोडे सोडवायचे होते. बाजारात विकण्याजोगा पदार्थ त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. १९०० साली फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रीन्यार यांनी मॅग्नेशियमची अशीच संयुगे बनवण्याची सुटसुटीत रीत दिली. १९१२ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला आणि औषधांच्या कारखान्यांत आजही ती रीत राबवली जाते.

खरी क्रांती झाली ती जर्मनीतील म्यूलहाइम येथे. तेथे कोळशाच्या संशोधनासाठी स्थापन झालेली एक संस्था होती. १९४३ साली कार्ल झीग्लर यांना तिच्या संचालकपदासाठी पाचारण करण्यात आले, तेव्हा त्यांनी अट घातली की, आपले संशोधन कोळशापुरते मर्यादित ठेवले जाणार नाही. कार्बनच्या रसायनात जे खुणावेल त्याचा मागोवा घेण्याची मुभा हवी. युद्धाच्या धामधुमीत, कोळसा उद्योगाच्या आश्रयावर चालणाऱ्या संस्थेने ही अट मान्य केली. पुढे ॲल्युमिनियमच्या संयुगांवर काम करताना एक प्रयोग फसल्यासारखा वाटला. एथिलीनच्या लांब साखळ्या मिळण्याऐवजी केवळ दोन रेणू जुळून थांबले. झीग्लर यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग टाकून दिला नाही. त्यांनी कारण शोधले, तेव्हा पात्रात राहिलेल्या निकेलच्या अत्यल्प अंशाने ही किमया केल्याचे ध्यानात आले. मग इतर धातू काय करतील, हे एकेक करून तपासण्यात आले आणि १९५३ साली टायटॅनियमच्या क्लोराइडशी गाठ पडली. एथिलीनचे रेणू माळेत मणी ओवावेत तसे एकामागून एक ओवले जाऊ लागले. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथिलीनचा प्रथम शोध लागला, त्या पद्धतीला वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब लागत असे. झीग्लर यांचे काम साध्या दाबाला, काचेच्या भांड्यात झाले.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५४ साली, इटलीतील मिलान येथे ज्युलिओ नट्टा यांनी त्याच वर्गातील उत्प्रेरकाने सुबक रचनेचे पॉलिप्रॉपिलीन घडवले. १९६३ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. आज आपली पाण्याची टाकी, धान्याचे पोते, सिरिंज, २०२० च्या महामारीत तोंडावर चढवलेला मास्क ही सारी त्या संशोधनाची संतती आहे. झीग्लर यांच्या एकस्वांचे, म्हणजे पेटंटचे, उत्पन्न पुढे कित्येक वर्षे त्यांच्या संस्थेला पोसत राहिले. कोळशापुरते बोला, असे त्यांना बजावले असते तर जर्मनीला काय गमवावे लागले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

लोखंडाच्या एका कणापासून कंपवाताच्या औषधापर्यंत

औषधांच्या बाबतीतही असेच घडले. १९५१ साली फेरोसीन नावाचे नारिंगी संयुग सापडले. कार्बनच्या दोन वलयांमध्ये लोखंडाचा अणू दोन चकत्यांमध्ये धरावा तसा बसलेला असतो, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याची रचना उलगडणाऱ्यांत जेफ्री विल्किन्सन आणि अर्न्स्ट ओटो फिशर होते. दोघांना १९७३ साली नोबेल मिळाले. 'याचा उपयोग काय?' असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर कोणालाच देता आले नसते.

परंतु याच विल्किन्सन यांनी १९६० च्या दशकात र्‍होडियमचा एक विद्राव्य उत्प्रेरक तयार केला. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी त्यात एक बदल केला. धातूला चिकटलेले फॉस्फरसचे घटक त्यांनी असे निवडले की, ते डाव्या-उजव्यात भेद करू शकतील. आपला डावा आणि उजवा हात जसे सारखे असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तसे अनेक औषधी रेणूंचे असते. कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध यांपैकी एकाच हाताचे असावे लागते; त्याचे प्रतिबिंब रोग्याच्या कामी येत नाही. नोल्स यांच्या उत्प्रेरकाने हवा तोच हात निवडून घडवता येऊ लागला आणि १९७० च्या दशकात त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. जपानच्या र्‍योजी नोयोरी यांनी हा मार्ग आणखी रुंद केला. २००१ च्या नोबेल पुरस्कारात दोघेही मानकरी होते. फेरोसीनच्याच वंशातील झिर्कोनियमच्या संयुगांपासून १९८० च्या सुमारास हॅम्बुर्ग येथे वाल्टर कामिन्स्की यांनी बहुवारिकांचे नवे, अत्यंत कार्यक्षम उत्प्रेरक घडवले. बीज पडल्यापासून हे फळ हाती येण्यास सुमारे तीस वर्षे लागली होती.

आणि आजोबांची ती रक्तदाबाची गोळी? लोसार्टन वर्गातील अनेक औषधांच्या रेणूत बेंझिनची दोन वलये एकमेकांना थेट सांधलेली असतात. हा सांधा धातूच्या मध्यस्थीवाचून कारखान्यात घालणे अवघड. पॅलेडियमच्या साह्याने असे सांधे घालण्याच्या पद्धतींसाठी रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० साली नोबेल देण्यात आले. सुझुकी यांनी आपल्या अभिक्रियेचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे ती जगभर मुक्तपणे वापरली गेली आणि आपल्या कारखान्यांनीही तिचा लाभ घेतला. त्या औदार्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण राष्ट्राचे औषधशास्त्र दुसऱ्याच्या औदार्यावर उभे राहू शकत नाही, हेही विसरू नये.

आपण कोठे आहोत?

भारताने या क्षेत्रात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ साली बेंगाल केमिकल्सची उभारणी केली. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिणारा हा विद्वान पूर्वजांच्या स्तुतीवर थांबला नाही; त्याने प्रयोगशाळा आणि कारखाना दोन्ही उभे केले. आपल्याकडे रसशास्त्रातील भस्मांचा दाखला देऊन 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. धातूंवर संस्कार करण्याची आपली परंपरा प्राचीन आहे, यात शंका नाही. परंतु धातू-कार्बन बंधाचे आधुनिक शास्त्र ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याला स्वकष्टानेच मिळवावी लागेल. राय यांचा खरा वारसा हाच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९८० च्या दशकात या प्रयोगशाळेने विकसित केलेला झिओलाइट जातीचा उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये प्रत्यक्ष उत्पादनात वापरला गेला. तो कार्बनी-धातू वर्गातील नव्हता. तरीही भारतीय प्रयोगशाळेचा उत्प्रेरक भारतीय कारखान्यात चालू शकतो, हे त्याने सिद्ध केले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर तो बनवण्याच्या कृतीला संरक्षण दिले आणि आपले रसायनतज्ज्ञ नव्या कृती शोधण्यात निष्णात झाले. २००१ साली सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी खर्चात देऊ केला, तेव्हा जग थक्क झाले. ती या कौशल्याची फलश्रुती होती.

१ जानेवारी २००५ पासून मात्र औषधाच्या रेणूलाही पेटंट देण्यात येऊ लागले. जुना राजमार्ग अरुंद झाला. बहुवारिकांच्या बाबतीत तर स्थिती अधिक बोलकी आहे. नागोठण्यापासून पानिपतपर्यंत आपले भव्य कारखाने उभे आहेत. पण त्यांतील मूळ तंत्रज्ञान मुख्यतः परदेशी परवान्यांवर आले. यंत्रे आपल्या भूमीवर, कामगार आपले, कच्चा माल शुद्ध करणारे अभियंते आपले. मूळ कल्पना मात्र भाड्याची.

२०२० च्या महामारीने या परावलंबनाची झळ सर्वांना दाखवली. औषधांच्या मूळ द्रव्यांच्या आयातीचा सुमारे दोन तृतीयांश भाग चीनमधून येत होता. तो पुरवठा खंडित होण्याच्या भीतीने ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला पॅरासिटामोलसह २६ औषधी द्रव्ये व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्यानंतर मूळ द्रव्यांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ती आवश्यकच होती. परंतु कारखाना उभारण्यास अनुदान देणे आणि त्या कारखान्यात चालणारी अभिक्रिया स्वतः शोधणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यातच धातूंचा प्रश्न आहे. जगातील पॅलेडियमचा मोठा भाग रशिया आणि दक्षिण आफ्रिका येथून येतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या आरंभी त्याचा भाव औंसाला ३,००० डॉलरच्या पलीकडे गेला होता. प्लॅटिनम वर्गातील धातूंचा समावेश भारताने २०२३ साली महत्त्वाच्या ३० खनिजांच्या यादीत केला, तो उगाच नव्हे. म्हणून वापरलेल्या उत्प्रेरकातून हे धातू परत मिळवण्याचे तंत्र आणि त्यांच्या जागी लोखंड, निकेल, कोबाल्ट, तांबे अशा तुलनेने मुबलक धातूंना तेच काम शिकवण्याचे संशोधन ही आपली राष्ट्रीय गरज आहे. या दुसऱ्या क्षेत्रात जगानेही शेवटचा शब्द उच्चारलेला नाही. येथे उशिरा निघालेल्यालाही अग्रभागी पोहोचता येईल.

'विकत घेता येते, मग शोधायचे कशाला?'

या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गरीब देशाने मूलभूत संशोधनावर पैसा का उधळावा? तंत्रज्ञान विकत मिळते. ते घ्यावे, स्वस्तात उत्पादन करावे, रोजगार निर्माण करावा. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो. परंतु विकत मिळते ते बहुधा कालचे तंत्रज्ञान असते. उद्याचे कोणी विकत नाही. शिवाय विकत घेण्यासाठीसुद्धा ते समजणारी माणसे घरात असावी लागतात. औषधाच्या रोजच्या मात्रेतून पोटात जाणारे पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. धातूचा तो अंश कोठे अडकतो आणि कसा काढावा, हे उत्प्रेरकाचे अंतरंग जाणणाऱ्यालाच उमगते.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. रासायनिक उद्योग म्हणजे प्रदूषण, हे समीकरण तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथील नागरिकांच्या अनुभवातून आले आहे. परंतु त्यावरचा उपायही याच शास्त्रात आहे. औषधनिर्मितीत एक किलो द्रव्यामागे २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही अधिक टाकाऊ पदार्थ निर्माण होतात, असे रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली दाखवून दिले. चांगला उत्प्रेरक सहा पायऱ्यांचे काम तीन पायऱ्यांत करतो, नको असलेला 'दुसरा हात' मुळातच तयार होऊ देत नाही आणि नदीत जाणारे विष उगमाशीच कमी करतो. कारखाना बंद करणे किंवा नदी मारणे, या दोहोंपलीकडचा तिसरा मार्ग प्रयोगशाळेतून जातो.

काय करावे लागेल?

आपल्याकडे बुद्धीचा दुष्काळ नाही. सुझुकी आणि नेगिशी हे दोघेही अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्या हाताखाली घडले. त्याच ब्राउन यांच्याकडे पीएच.डी. केलेले डॉ. एस. शिवराम मायदेशी परतले, आयपीसीएलमध्ये राहिले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. आयआयटी मुंबईतील देबब्रत मैती यांना कार्बन-हायड्रोजन बंधावरील कामासाठी २०२२ सालचा भटनागर पुरस्कार मिळाला. माणसे आहेत, उणीव आहे ती त्यांच्या पाठीशी दीर्घकाळ उभे राहणाऱ्या व्यवस्थेची. २०२०-२१ साली देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढीच रक्कम संशोधन व विकासावर खर्च झाली आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. ज्या उद्योगाने उत्प्रेरकांच्या बळावर वैभव मिळवले, त्याने उत्प्रेरकाच्या संशोधनात हात आखडता घ्यावा, हे शोभणारे नाही.

२०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. २०२५ साली एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोन्मेष निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पावले योग्य दिशेने पडत आहेत. मात्र या निधीतला वाटा केवळ दोन-तीन वर्षांत उत्पादन देणाऱ्या प्रकल्पांकडे गेला, तर आपण पुन्हा फळच मागू आणि झाड लावायचे विसरू. फेरोसीनला तीस वर्षे लागली होती. संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती महिनोन्महिने मिळत नाही, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे येतात. बंद पेटीतील नायट्रोजन संपला म्हणून वर्षभराचे काम वाया जाणे ही राष्ट्रीय हानी आहे, ही जाणीव फाइलीवर सही करणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

समाजाचे कर्तव्यही कमी नाही. बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलाने वा मुलीने 'मला रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे' असे म्हटले, की आपल्याच घरांत शांतता पसरते. 'त्यात पैसा किती?' हा पहिला प्रश्न असतो. राष्ट्रासाठी काही करावे असे मुलांना शिकवणाऱ्या घरांनी तरी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. आपापल्या गावच्या शाळेत, वसतिगृहात, अभ्यासिकेत विज्ञानाची गोडी लावणारे उपक्रम चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी मुलांना रॉकेट आणि संगणक यांच्याबरोबर प्रयोगशाळेतल्या या मूक कामाचीही ओळख करून द्यावी. जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना एखाद्या रविवारी बोलावले, तर ते आनंदाने येतील.

स्वदेशी म्हणजे देशाच्या सीमेच्या आत तयार झालेला माल, एवढाच अर्थ आपण घेत राहिलो तर परवान्यावर चालणारा प्रत्येक कारखाना स्वदेशी ठरेल. ज्या दिवशी एखाद्या भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेला उत्प्रेरक जगातील कारखान्यांत चालेल आणि त्याच्या परवान्याचे उत्पन्न पुढच्या पिढीच्या संशोधनाला पोसेल, त्या दिवशी औषधांच्या डब्यावरील भारतीय नाव पुरेपूर सार्थ होईल. तोवर हे काम अपुरे आहे, आणि ते पुरे करणारे हात आज कोठेतरी आठवीच्या वर्गात बसलेले आहेत.